निधान

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक पट्टी आहे,
चार बोटं रुंद, पुरुषभर लांब.
नात तिच्यावरून हात फिरवते. इकडून मऊ,
उलटा फिरवला की खरखरीत.
"कुठल्या जनावराची, आज्जा?"
चढणाऱ्या, मी म्हणतो.
स्कीच्या पोटाला चिकटवायची.
पुढं सरकू देते, मागं घसरू देत नाही.

मी येळ्ळूरचा. घोट्यापर्यंत बासमतीच्या चिखलातला.
बर्फ म्हणजे टिळकवाडीतला गोळा, वर लाल पाणी.
पहिल्या दिवशी इतका आपटलो
की पलटणीनं मोजायचं सोडून दिलं.
बसलिंग म्हणाला, रोप लावतोस तसा वाक की गा.
तो हुक्केरीचा. त्याची मराठी अर्धी, माझी कन्नड पाव,
मधे तीस हातांचा दोर.

रात्री दोनला निघालो. कपाळावर दिवे.
हिमनदी, साहेब म्हणाले.
नदी म्हटलं की मला मार्कंडेय दिसते,
म्हशी, धुणं, पुलावरून थुंकणारी पोरं.
ही दिवसाला बोटभर सरकते
आणि पोटात भेगा बाळगते,
वर बर्फाचं झाकण घालून, सुगरणीसारखी.

बसलिंग पुढं. काठीनं टोचत, ऐकत, पुन्हा टोचत.
आणि दर दहा पावलांना मागं न बघता:
निधान, भरमू. निधान.

मला वाटलं, खाली धन आहे.
पुरलेलं, हंड्यातलं,
राजहंसगडावर अवसेला लोक खणतात तसलं.
मिशीवर श्वासाची खडीसाखर झालेली,
बोटं कुणाची तरी दुसऱ्याची,
आणि हा बाबा धनाचं काय घेऊन बसलाय?
पाय उचलला. दोर सैल पडला.

झाकण फुटलं.

आत निळं होतं.
इतकं निळं, की आधी भीतीच वाटली नाही.
एक काठी हातातून गेली.
ती तळाला आपटल्याचा आवाज आला नाही.
अजून कधी कधी जेवता जेवता कान तिकडं जातो.
दोर कमरेत रुतलेला. वर बसलिंग आडवा,
कुऱ्हाड बर्फात, टाचा बर्फात,
ओरडत नव्हता. गाभण म्हशीशी बोलावं तसं
तेच म्हणत होता, तेच.
तेव्हा लागला अर्थ.
त्यांच्यात त्याचा अर्थ हळू.
एवढाच. हळू.

शिखराचं विचारू नका.
ढग होता. पाटाएवढी जागा, आळीपाळीनं उभं राहायचं.
बेळगावाहून नेलेला कुंदा दगड झालेला,
कुऱ्हाडीच्या दांड्यानं फोडला.
साहेबांनी फोटो काढला, त्यात सगळे पांढरे.

उतरताना पट्ट्या सोलून खिशात.
सहा तासांची चढण अर्ध्या तासात पायाखालून गेली.
मांड्या पेटलेल्या, मी एका काठीवर,
त्याच्या वळणात माझं वळण,
कुठं छेदत, कुठं पुसत.
खाली पोचून वर बघितलं, तर वारा सुटलेला.
कुणाची रेघ कुठली, त्यानं काही ठेवलं नाही.

परवा बंद होता. पाट्यांना काळं,
बसेस डेपोत. नातवाचं बारसं तोंडावर,
आणि बसलिंगचा फोन: स्कूटर काढतो, येतोच.
त्याचा एक गुडघा गेलाय, माझे दोन्ही.
काकतीला दगड पडलेत म्हणे, मी म्हटलं,
आणि मग जिभेवर आलं ते आलं:
निधान.

पलीकडं थोडा वेळ नुसता श्वास.
मग हसला. "अर्थ कळला काय गा,
की अजून धनच शोधतोस?"

फोन कधी बंद झाला, लक्षात नाही.
मी अंगणात उभा,
काठीनं पुढची जमीन टोचत.